बंद दाराआडचं टेनिस आणि आपला हॉल

आज जरा वेगळा विषय. राजकारण नाही, पाणीटंचाई नाही. टेनिस. तेही विम्बल्डनचं नाही, ज्या स्पर्धांचं नाव पेपरात शेवटच्या पानावर दोन ओळींत येतं आणि जागा कमी पडली तर तेही उडतं, त्या स्पर्धांचं. शेवटपर्यंत वाचा, कारण विषय फिरून आपल्याच गावात येणार आहे.

मागच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर एक ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांची मुलगी नववीत आहे, टेनिस खेळते, जिल्ह्यात चांगलं नाव आहे. म्हणाले, "तुम्ही पत्रकार ना, मग सांगा, इथून सानिया मिर्झापर्यंत रस्ता कसा जातो?" मी म्हटलं, सराव, मेहनत वगैरे. ते हसले. म्हणाले, "ते माहीत आहे हो. मधल्या पायऱ्या कुठल्या ते सांगा."

मला सांगता येईना. वीस-बावीस वर्षं बातम्या लिहितोय, पण मधल्या पायऱ्या कधी बघितल्याच नव्हत्या. म्हणून चार-पाच रात्री बसून वाचलं. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर मांडतो.

सुरुवात एका लांबच्या गावापासून करू. कॅनडात क्युबेक प्रांतात साग्ने नावाचं शहर आहे. लोकसंख्या दीड लाखाच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम शहर. ॲल्युमिनियमचा कारखाना, कागद, नदी आणि भयंकर थंडी. १९९६ साली तिथे मोठा पूर आला होता, तेव्हा सगळं वाहून गेलं आणि पाण्याच्या लोंढ्यात एक छोटं पांढरं घर तेवढं उभं राहिलं. त्या घराचा फोटो जगभर गाजला. आजूबाजूची गावं एकत्र करून २००२ साली आजचं साग्ने शहर झालं.

या गावात एक इनडोअर टेनिस क्लब आहे. २००६ पासून तिथे महिलांची एक व्यावसायिक स्पर्धा होते. एका बँकेचं नाव तिला लावलेलं असतं. बाहेर गारठा आणि आत छपराखाली, दिव्यांच्या उजेडात, हार्ड कोर्टवर सामने. जगातली मोठी नावं तिथे फिरकत नाहीत. येतात त्या क्रमवारीत शंभर, दोनशे, तीनशे अशा जागांवर असलेल्या मुली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ही स्पर्धा आपल्या दिल्लीच्या करमन कौर थांडीने जिंकली. अंतिम सामन्यात समोर कॅनडाचीच कॅथरीन सेबोव. पहिला सेट करमन ३-६ हरली, मग ६-४, ६-३ असे पुढचे दोन घेतले. साठ हजार डॉलरची स्पर्धा होती. साठ हजार म्हणजे सगळ्यांचं मिळून बरं का, तिच्या एकटीचे नव्हेत. एकेरीच्या विजेतीला त्यातले नऊ हजारांच्या आसपास मिळतात. तेव्हाच्या भावाने साडेसात लाख रुपये. त्यातून विमानाचं तिकीट, हॉटेल, प्रशिक्षक, कर.

आपल्यापैकी किती जणांनी ही बातमी वाचली होती? मी स्वतः वाचली नव्हती, खोटं कशाला बोलू.

आता प्रश्न असा की अशा छोट्या, बंद हॉलमधल्या, बायकांच्या स्पर्धा आल्या कुठून? इथे इतिहास सुरू होतो आणि तो मोठा मजेशीर आहे.

१९६८ साली टेनिस 'खुलं' झालं. म्हणजे त्याआधी विम्बल्डनसारख्या स्पर्धांत फक्त हौशी खेळाडू खेळत. निदान कागदावर तरी. पैसे टेबलाखालून दिले जात. १९६८ पासून व्यावसायिक खेळाडूंना दार उघडलं आणि बक्षिसाची रक्कम उघडपणे जाहीर होऊ लागली. आता सगळं चांगलं होईल असं वाटलं. झालं काय, तर पुरुषांची बक्षिसं फुगली आणि बायकांची होती तिथेच राहिली. काही स्पर्धांनी तर बायकांचा विभागच बंद केला.

१९७० साली लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर जाहीर झाले आणि महिला विजेतीला १,५००. आठपटींहून जास्त फरक. त्यातही उपांत्यपूर्व फेरीच्या आधी हरणाऱ्या बाईला काहीच नाही. बिली जीन किंग आणि तिच्या सोबतच्या खेळाडूंनी विचारणा केली. स्पर्धेचे प्रमुख जॅक क्रेमर, स्वतः जुने विम्बल्डन विजेते, काही ऐकेनात.

मग या मुली ग्लॅडिस हेल्डमन यांच्याकडे गेल्या. या बाई 'वर्ल्ड टेनिस' नावाचं मासिक चालवायच्या. म्हणजे आमच्याच धंद्यातल्या. पत्रकार माणूस बातमी लिहून थांबतो, या बाईंनी स्पर्धाच भरवली. सप्टेंबर १९७० मध्ये, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात. एकूण बक्षीस साडेसात हजार डॉलर, त्यातले अडीच हजार एका सिगारेट कंपनीचे.

अमेरिकेच्या टेनिस संघटनेने धमकी दिली की खेळलात तर निलंबित करू. म्हणजे ग्रँड स्लॅम बंद, देशाच्या संघातून बाहेर. तरीही नऊ जणींनी सही केली. करार किती रुपयांचा? एका डॉलरचा. एक-एक डॉलरची नोट हातात धरून काढलेला त्यांचा फोटो आजही सापडतो. सात अमेरिकन, दोन ऑस्ट्रेलियन. त्यांतली ज्युली हेल्डमन तर दुखापतीमुळे खेळू शकत नव्हती, पण मागे राहायचं नाही म्हणून तिनेही सही केली. स्पर्धा रोझी कॅझाल्सने जिंकली आणि तिला १,६०० डॉलर मिळाले.

इथून पुढचा भाग नीट वाचा, कारण आपला विषय त्यात आहे.

एका स्पर्धेने कोणाचं पोट भरत नाही. वर्षभर खेळायला स्पर्धांची साखळी पाहिजे. पण मोठी क्लब्ज, हिरवळीची मैदानं, स्टेडियम हे सगळं संघटनेच्या हातात. मग खेळायचं कुठे? उत्तर निघालं ते हॉलमध्ये. सभागृहं, व्यायामशाळा, जत्रेचे मांडव पडतात तशा जागा. जानेवारी १९७१ मध्ये या मालिकेची पहिली स्पर्धा सॅन फ्रान्सिस्कोच्या नागरी सभागृहात झाली. आपल्याकडच्या टाऊन हॉलसारखी जागा म्हणा ना. जिंकली बिली जीन किंग.

हॉलचा फायदा साधा होता. पाऊस आला म्हणून सामना रद्द नाही. हिवाळ्यात, जेव्हा बाहेर कोणी खेळत नाही, तेव्हा तारखा मोकळ्या आणि भाडं परवडणारं. संध्याकाळी लोक कामावरून सुटले की दिवे लावून सामना लावता येतो. गुंडाळी उलगडावी तशी कार्पेटची पट्टी जमिनीवर अंथरायची, पट्ट्या जोडायच्या, जाळी बांधायची, झालं कोर्ट. रविवारी संपलं की गुंडाळून पुढच्या गावाला. अगदी आपल्या तमाशाच्या फडासारखं किंवा दौऱ्यावरच्या नाटक कंपनीसारखं. तंबू, पेट्या, गाड्या आणि उद्या दुसरं गाव. खेळाडू स्वतःच मुलाखती द्यायच्या, स्वतःच तिकिटं खपवायच्या.

त्या एका वर्षात, १९७१ मध्ये, १९ स्पर्धा झाल्या आणि एकूण बक्षिसं तीन लाख डॉलरच्या वर गेली. त्याच वर्षी बिली जीन किंग एका वर्षात एक लाख डॉलर कमावणारी पहिली महिला खेळाडू ठरली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे निक्सन यांनी, फोन करून अभिनंदन केलं. १९७३ साली महिला खेळाडूंची संघटना उभी राहिली, जिला आज आपण डब्ल्यूटीए म्हणतो. त्याच वर्षी यूएस ओपनने स्त्री-पुरुषांना सारखं बक्षीस दिलं. विम्बल्डनला त्याच गोष्टीसाठी २००७ उजाडावं लागलं. आणि त्या नऊ जणींना टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये एकत्र मान मिळाला २०२१ मध्ये. तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

हे सगळं गोड गोड आहे असं नाही. ज्या पैशावर ही चळवळ उभी राहिली तो सिगारेटचा पैसा होता. खेळाडू बायका आणि तंबाखूची जाहिरात, हे तेव्हाही अनेकांना खटकत होतं आणि आज तर पटणारच नाही. पण दुसरं कोणी पुढे आलं नाही हेही तितकंच खरं. चांगल्या कामाला चांगला पैसा मिळाला नाही की कुठला तरी पैसा येतो. हे आपल्या गणेशोत्सव मंडळांना वेगळं सांगायला नको.

आता भारतात येऊ.

सानिया मिर्झाचं नाव आपण घेतो तेव्हा डोळ्यांसमोर ग्रँड स्लॅम येतं. तिचा जन्म मुंबईचा, वाढली हैदराबादेत. पण २००२ साली तिने पहिल्यांदा मोठ्यांच्या स्पर्धा जिंकल्या त्या हैदराबाद, बंगळुरू आणि मनिला इथल्या, अगदी खालच्या पायरीच्या. त्यांतल्या दोन आपल्याच देशात होत्या, म्हणजे रेल्वेने जाता येण्यासारख्या. हा मुद्दा लक्षात ठेवा. फेब्रुवारी २००५ मध्ये तिने हैदराबादला डब्ल्यूटीएची स्पर्धा जिंकली, एकेरीत असं करणारी पहिली भारतीय महिला. तीसुद्धा खालच्या पायरीची, चौथ्या श्रेणीची स्पर्धा होती.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोलकात्यात एक नवी स्पर्धा सुरू झाली. तिसऱ्या श्रेणीची, इनडोअर, नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये. हे स्टेडियम १९७५ साली टेबल टेनिसच्या जागतिक स्पर्धेसाठी बांधलेलं, ईडन गार्डन्सच्या शेजारी. म्हणजे बांधलं एका खेळासाठी आणि तीस वर्षांनी उपयोगी पडलं दुसऱ्या खेळाला. बिस्किटांच्या ब्रँडचं नाव स्पर्धेला होतं, सनफीस्ट ओपन.

पहिल्या वर्षी रशियाची अनास्तासिया मिस्किना जिंकली, २००४ ची फ्रेंच ओपन विजेती. दुहेरीच्या अंतिम सामन्यात भारतीय वंशाच्या शिखा आणि नेहा उबेरॉय या बहिणी पोचल्या होत्या. सानिया तेव्हा यूएस ओपनची चौथी फेरी गाठून आली होती, तिच्या कपड्यांवरून नको तो वाद पेटलेला, आणि कोलकात्यात तिच्याभोवती पोलिसांचं कडं होतं. अठरा वर्षांची मुलगी टेनिस खेळायला येते आणि बंदोबस्तात खेळते. तेही आपण बघितलं.

२००६ मध्ये मार्टिना हिंगिस आली. दुखापतींमुळे खेळ सोडून परत आलेली. उपांत्य सामन्यात तिने सानियाला ६-१, ६-० असं साफ हरवलं आणि मग स्पर्धाही जिंकली. सानियाने दुहेरीचं विजेतेपद मिळवलं, लीझेल ह्यूबरच्या जोडीने. पण खरी गंमत पुढे आहे. लगेच पुढच्याच स्पर्धेत, कोरियात, सानियाने त्याच हिंगिसला हरवलं. पहिला सेट गमावून. घरच्या हॉलमध्ये घरच्या लोकांसमोर खाल्लेला मार फुकट जात नाही तो असा.

२००७ मध्ये मारिया किरिलेन्को जिंकली. त्यानंतर ती स्पर्धा तिथे झाली नाही. तीन वर्षं आणि संपलं. स्टेडियम आजही आहे, तिथे सभा होतात, कार्यक्रम होतात.

साग्नेची स्पर्धा मात्र करोनाच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. कोलकाता एवढं मोठं शहर, साग्ने त्याच्यापुढे अगदी छोटं. मग फरक कशात? मला दिसतो तो असा. कोलकात्यात जे होतं तो सोहळा होता, मोठी नावं आणायची, हॉल भरायचा. साग्नेत स्पर्धेच्या मागे बाराही महिने चालणारा क्लब आहे. स्पर्धा संपली की दुसऱ्या दिवशी त्याच कोर्टवर गावातली पोरं खेळतात.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे आणि तो कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. २०१२ साली डब्ल्यूटीएने '१२५' नावाची नवी खालची पायरी सुरू केली. पहिल्या वर्षी जगात अशा दोनच स्पर्धा झाल्या. एक तैपेईत, इनडोअर, कार्पेटवर. दुसरी पुण्यात, बालेवाडीला, उघड्यावर. पुण्याच्या अंतिम सामन्यात अठरा वर्षांची एलिना स्वितोलिना आणि बेचाळीस वर्षांची किमिको दाते समोरासमोर होत्या. स्वितोलिना जिंकली, आणि पुढे जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. २०१७ साली मुंबईत सीसीआयवर अशीच स्पर्धा झाली, ती जिंकली आर्यना सबालेंका नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने. सहा वर्षांनी ती जगात पहिली होती.

आपल्या डोळ्यांसमोरून गेल्या की हो या मुली! गर्दी किती होती ते मात्र विचारू नका.

आणि आपल्या मुली? ऋतुजा भोसले ही जन्माने श्रीरामपूरची. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत रोहन बोपण्णाच्या जोडीने तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. अंकिता रैना गुजरातची, पण सरावासाठी पुण्यात येऊन राहिली, २०१८ ला आशियाई खेळांत कांस्य जिंकलं. दोघींची अनेक वर्षं गेली ती याच दहा, पंधरा, पंचवीस हजार डॉलरच्या स्पर्धांत.

या स्पर्धांचा हिशेबही सांगतो. २०२३ साली पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धेत मुख्य फेरीत पहिलाच सामना हरलात तर हातात १४७ डॉलर पडायचे. पंचवीस हजारांच्या स्पर्धेत २२८. अख्खी पंचवीस हजारांची स्पर्धा जिंकलात तरी चार हजारांच्या आतच मिळायचे. आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेनेच केलेल्या पाहणीत असं निघालं होतं की २०१३ साली जगभरात फक्त २५३ महिला खेळाडूंचा खर्च आणि कमाई यांचा मेळ बसत होता. तोही प्रशिक्षकाचा पगार न धरता. बाकीच्या हजारो मुली घरच्या पैशावर खेळत होत्या.

म्हणून स्पर्धा जवळ असणं महत्त्वाचं. मुलीला तुर्कस्तानला किंवा थायलंडला पाठवायचं तर एका खेपेला लाख-दीड लाख हां हां म्हणता जातात. तीच स्पर्धा एसटीच्या अंतरावर असेल तर? क्रमवारीचा गुण तोच मिळतो. गुणाला काय माहीत तुम्ही विमानाने आलात की लाल डब्याने.

तर टपरीवरच्या गृहस्थांना माझं उत्तर हे. इथून सानियापर्यंतचा रस्ता छोट्या गावांतल्या छोट्या स्पर्धांमधून जातो आणि त्यांतल्या बऱ्याचशा छपराखाली होतात. ज्या देशात अशा स्पर्धा भरपूर, तिथे वरच्या खेळाडूही भरपूर. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता येतो आपल्या गावात.

आपल्याकडे एक इनडोअर हॉल आहे. जनतेच्या पैशातून बांधलेला, उद्घाटनाला मोठमोठे लोक आलेले, कोनशिलेवर नावं कोरलेली. बातमी मीच केली होती. 'खेळाडूंची प्रतीक्षा संपली' असं हेडिंगही मीच दिलं होतं. आज त्या हॉलमध्ये काय होतं तुम्हाला माहीत आहे. लग्नं. साड्यांचा सेल. फर्निचरचं प्रदर्शन. निवडणूक आली की मतपेट्या. मुली बॅडमिंटन खेळायला गेल्या तर "आज बुकिंग आहे" हे उत्तर. लाकडी जमिनीवर मांडवाचे खांब रोवल्याच्या खुणा मी मोजल्या, पंधराच्या वर सोडून दिल्या.

आता कानावर आलंय की पुढच्या सभेत तो हॉल दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यायचा विषय येणार आहे. उत्पन्न वाढेल हे कारण. उत्पन्न वाढेलही, नाही म्हणत नाही. देखभालीला पैसा लागतो, वीजबिल येतं, हेही मान्य.

माझं म्हणणं तिथे टेनिसच व्हावं असं नाही. टेनिसच्या एका कोर्टाला भोवतालची जागा धरून साधारण १२० फूट लांब आणि ६० फूट रुंद जागा लागते आणि छत जाळीवर नऊ मीटर तरी उंच हवं. आपला हॉल त्यात बसतो का हे टेप लावून बघायला लागेल. नाही बसला तर बॅडमिंटन, टेबल टेनिस, कबड्डी, खो-खो काहीही चालेल. कोलकात्याचा हॉलही टेबल टेनिससाठीच बांधला होता.

माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. एक, भाडेपट्टा करायचाच असेल तर त्यात लिहा की रोज पहाटे आणि संध्याकाळचे ठरावीक तास फक्त खेळाला, आणि त्या तासांत मुलींसाठी राखीव वेळ. दोन, वर्षातून एक आठवडा, फक्त एक आठवडा, तिथे स्पर्धा होईल. जिल्हा पातळीची का असेना. तारीख आधी जाहीर झालेली, लग्नासाठी न हलवता येणारी.

एका आठवड्याने काय होतं, असं कोणी म्हणेल. साग्नेत तेवढंच होतं. ह्यूस्टनमध्ये तर त्याहून कमी होतं, एक डॉलर आणि नऊ सह्या.

सभा सर्वांसाठी खुली असते. गॅलरीत बसता येतं. मी जाणारच आहे, वही घेऊन. टपरीवरचे ते गृहस्थही येतो म्हणालेत, मुलीला घेऊन. तुम्ही आलात तर बरं होईल. गॅलरी भरलेली दिसली की खालच्या खुर्च्यांवरचे आवाज जरा बदलतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

काही चुकलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, दुरुस्त करीन. पटलं तर पुढे पाठवा. आणि घरात खेळणारी मुलगी असेल तर तिला करमनच्या त्या सामन्याचा स्कोअर तेवढा सांगा. ३-६, ६-४, ६-३. पहिला सेट हरली होती.